इंग्रजीचा तास आणि उच्चाराची धास्ती : साताऱ्याची पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातील माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवताना एक गोष्ट दर जूनमध्ये दिसते. पाचवीत नव्याने आलेले मूल धडा वाचायला उभे राहिले की पुस्तकात पाहण्याआधी वर्गाकडे पाहते. व्याकरण चुकण्याची त्याला फारशी फिकीर नसते. धास्ती असते ती हशाची, आणि हशा पिकतो तो उच्चारावर. ही धास्ती कुठून आली हे समजून घ्यायचे तर इंग्रजी या भागात कोणकोणत्या वाटांनी आली हे पाहावे लागते.

१८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा झाले आणि पुढे सरकारी नोकरीची भाषा म्हणून इंग्रजीचे महत्त्व वाढत गेले. मुले आधी मराठी इयत्ता पुऱ्या करत आणि मग ‘इंग्रजी पहिली’त जात. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकरांचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, दाखल झाले ते याच इंग्रजी पहिलीच्या वर्गात. १९१९ मध्ये सांगलीत विलिंग्डन महाविद्यालय उभे राहिले आणि त्याच वर्षी कर्मवीर भाऊराव पाटलांनी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. त्यानंतर ही भाषा हळूहळू शेतकऱ्यांच्या घरांपर्यंत पोहोचू लागली. मात्र ती पोहोचली डोळ्यांवाटे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसलेल्या पिढ्या शब्द, अर्थ, नियम आणि भाषांतर या चाकोरीतून गेल्या. त्यांपैकी अनेकांचे लेखी इंग्रजी आजच्या पदवीधराला लाजवील असे होते, पण ते मोठ्याने बोलण्याचा प्रसंग आयुष्यात क्वचितच येई.

याच काळात दुसरी एक इंग्रजी कानांवाटे येत होती, जिची दखल शाळेने कधी घेतली नाही. साताऱ्यातून पिढ्यानपिढ्या माणसे फौजेत गेली. त्यासाठी अपशिंगे गाव तर ‘मिलिटरी’ हे बिरूद मिरवते. या माणसांनी रिक्रूटचा रंगरूट आणि प्लाटूनची पलटण केली. रेल्वेने ठेसन दिले, कचेरीने हापीस दिले. हे शब्द मराठी तोंडाच्या घडणीप्रमाणे वळले, आणि कोणी त्यांना हसले नाही, कारण ते ऐकणाऱ्याला समजत होते.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने इंग्रजी आठवीपासून शिकवण्याचे धोरण घेतले; पुढे ती पाचवीपासून सुरू झाली. १९५८ मध्ये हैदराबादला इंग्रजी अध्यापनाची केंद्रीय संस्था निघाली, आणि वाक्यरचनांचा सराव, तोंडी कवायत व ध्वनिचिन्हे असलेला शब्दकोश शिक्षक-प्रशिक्षणात आला. त्या कोशामागचा आदर्श उच्चार इंग्लंडमधील सुशिक्षित वरच्या वर्गाचा होता. तो उच्चार खुद्द ब्रिटनमध्ये शंभरात जेमतेम तीन माणसे करतात, असा भाषाशास्त्रज्ञांचा सर्वसाधारण अंदाज आहे. आमच्या तालुक्यात तो कोणीच करत नव्हते, शिकवणारेही नाहीत. तरीही चूक मोजायची ती त्याच फुटपट्टीने, असा शिरस्ता पडला.

तथापि सगळा दोष इंग्रजीच्या माथी मारणे मला पटत नाही. उच्चाराची लाज मूल इंग्रजीच्या तासाला येण्यापूर्वीच शिकलेले असते. ‘साळा’ म्हटले की ‘शाळा म्हण’, ‘पानी’ म्हटले की ‘पाणी म्हण’ हे त्याने पहिलीपासून ऐकलेले असते, तेही आपुलकीने क्वचितच. माझ्या वर्गातील एक मुलगी इंग्रजी ‘शी’ आणि ‘सी’ दोन्ही ‘सी’ असेच म्हणत असे. तिला इंग्रजी ध्वनी येत नव्हता असे म्हणण्यापेक्षा तिच्या घरच्या बोलीत श आणि स यांची वाटणी वेगळी होती, एवढेच म्हणता येईल. तिची जीभ दोनदा चुकीची ठरली होती; तिसऱ्यांदा ती उघडलीच नाही.

उलट काही बाबतींत मराठीनेच वाट करून दिली आहे. जुन्या छापील मराठीत ‘ब्यांक’ असे लिहीत आणि आमच्याकडील म्हातारी माणसे आजही ‘ब्यांकेत’ जातात; पुढे लिपीने ॲ आणि ऑ स्वीकारले, त्यामुळे ‘बॅट’ आणि ‘बॉल’ मुलांना जड जात नाहीत. ‘व्हॅन’ लिहिताना आपण ‘व्ह’ वापरतो, म्हणून मुलांच्या तोंडी त्यात थोडी हवा येते. इंग्रजाला ती खटकेल, पण शब्द कळेल. हे सुधारण्यात तास घालवणे मी केव्हाच सोडले.

मी आग्रह धरते तो आघातासाठी, म्हणजे बोलताना शब्दाच्या कोणत्या अवयवावर (अक्षरगटावर) जोर पडतो त्यासाठी. हैदराबादच्या त्याच संस्थेतील रा. कृ. बन्सल यांनी भारतीय इंग्रजी इतरांना कितपत समजते याचा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध केला आणि शब्दातील आघात भलत्या जागी पडणे हे न समजण्याचे एक मोठे कारण असल्याचे दाखवले. २००० मध्ये जेनिफर जेन्किन्स यांनी, परक्या भाषकांनी आपापसांत इंग्रजी बोलताना कोणते ध्वनी सांभाळावेत याची मांडणी केली. ‘थ’ आणि ‘द’ यांच्या इंग्रजी उच्चारांवर त्यांनी पाणी सोडले ते मला मान्य आहे. शब्दाघातही त्यांनी बाहेर ठेवला, तिथे माझा अनुभव बन्सल यांच्या बाजूचा आहे. आघाताला ध्वनिचिन्हे लागत नाहीत. आमच्या मुलांच्या हातात लेझीम असते. ‘फोटोग्राफ’ला पहिल्या अवयवावर ठोका आणि ‘फोटोग्राफर’ला दुसऱ्यावर, असे मैदानावर दोन दिवस केले की ठोका कुठे सरकला हे त्यांना खांद्यातच कळते. मराठीत असा ठळक आघात शब्दाचा अर्थ बदलत नसल्याने नुसते सांगून ते कळत नाही.

२००० मध्ये महाराष्ट्राने पहिलीपासून इंग्रजी आणली. ज्या शिक्षकांनी स्वतः ती पाचवीत पहिल्यांदा पाहिली होती, त्यांनी सहा वर्षांच्या मुलांना तोंडी शिकवायचे होते. एव्हाना आमची मुले पुण्याला कॉल सेंटरमध्ये जाऊ लागली होती आणि तिथल्या प्रशिक्षणात त्यांना एक नवा शब्द मिळाला, ‘एम.टी.आय.’, म्हणजे बोलण्यावरील मातृभाषेचा प्रभाव. सुटीत भेटायला आलेल्या माजी विद्यार्थ्याने तो आजाराचे नाव सांगावे तसा सांगितला. पंधरा दिवस आरशासमोर बसून त्याने तो घालवण्याचा प्रयत्न केला होता. फोनवरचे गिऱ्हाईक मात्र ‘डेव्हलप’ या शब्दाशीच अडले होते, कारण त्याने ठोका ‘डे’वर दिला होता.