लायसन्स आहे, मग अजून काय बघायचं?

प्रोबायोटिकच्या, म्हणजे पोटासाठी घ्यायच्या जिवंत जंतूंच्या, छोट्या कंपन्यांत पैसे घालण्याआधी आमच्याकडे फाईल देणाऱ्यांसाठी

आमच्याकडे कागदपत्रांच्या तपासणीला येणाऱ्या फायलींत अलीकडे प्रोबायोटिकवाल्या कंपन्या बऱ्याच वाढल्या आहेत. कुणाच्या जावयाने, नाहीतर जुन्या नोकरीतल्या साहेबांनी पोटाच्या आरोग्याची कंपनी काढलेली असते. आपले दोन-पाच लाख त्यात घालायचं जवळपास ठरलेलं असतं. फायलीत रंगीत ब्रोशर, डॉक्टरांच्या व्हिडिओची लिंक, सॅम्पलचा डबा आणि एफएसएसएआयच्या, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, लायसन्सची झेरॉक्स. आणि सोबत नेहमीचा प्रश्न: "लायसन्स आहे की, मग अजून काय बघायचं?"

फोनवर हे प्रत्येकाला पुन्हा पुन्हा सांगण्यात दिवस जातो, म्हणून हे पत्रक छापलं.

लायसन्स ही धंदा करायची परवानगी आहे. डब्यातल्या पावडरीने कुणाचं पोट सुधारतं, असं सरकारने कुठेही लिहून दिलेलं नाही. तरी ती झेरॉक्स फेकू नका, तिच्यावरचं नाव आणि पत्ता वाचा. चौदा आकडी नंबर एफएसएसएआयच्या फॉसकॉस पोर्टलवर टाकला की लायसन्स चालू आहे का आणि कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. डब्यामागचा उत्पादकाचा नंबर टाकल्यावर पुष्कळदा बद्दी किंवा हरिद्वारचा कारखाना निघतो, आणि तुमची कंपनी फक्त 'मार्केटेड बाय'पुरती असते. यात गैर काही नाही. या धंद्यात थर्ड पार्टीकडून माल बनवून घेणं सर्रास चालतं. पण मग "आम्ही स्वतःचं संशोधन करतो" या वाक्याचा पुरावा मागायला हवा. हेल्थ सप्लिमेंटच्या डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापावंच लागतं. तेच उत्पादन ब्रोशरमध्ये मधुमेह बरा करत असेल, तर उद्या नोटीस कंपनीला येईल आणि तिचा खर्च तुमच्या भांडवलातून जाईल.

आता ती एक गोष्ट, जी आमचा सगळ्यात जास्त वेळ खाते. फायलीत जंतूचं पूर्ण नाव नसतं.

नुसतं 'लॅक्टोबॅसिलस र्‍हॅम्नोसस' म्हणजे 'कुलकर्णी, सदाशिव पेठ' एवढ्याच पत्त्यावर पाकीट टाकण्यासारखं आहे. नावाचे तीन भाग हवेत: प्रजाती, जाती आणि शेवटी स्ट्रेनची, म्हणजे त्या जातीतल्या नेमक्या वाणाची, खूण. 'र्‍हॅम्नोसस जीजी' या स्ट्रेनवर कित्येक वर्षं अभ्यास झाले आहेत. ते निष्कर्ष दुसऱ्या एखाद्या र्‍हॅम्नोससला आपोआप लागू होत नाहीत. छोट्या कंपन्या नेमकं हेच करतात. जीजीवरचे शोधनिबंध ब्रोशरला जोडतात आणि सॅशेत भरलेला असतो बाजारातून किलोवर घेतलेला वेगळाच स्ट्रेन. आम्ही खूण विचारली की उत्तर येतं, "ते गोपनीय आहे." मग आमचं पत्र, त्यांचं पत्र, तुमचा "झालं का?" असा फोन, आणि फाईल टेबलावरच. प्रक्रिया गोपनीय असू शकते, नाव नव्हे. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०११च्या मार्गदर्शक सूचनांत स्ट्रेनचं नाव लेबलवरच द्या असं म्हटलं आहे. तेव्हा हे नाव कंपनीकडून लेखी घ्या आणि मगच फाईल आमच्याकडे द्या. नाव आलं की निम्मं काम तिथेच होतं.

नावामागोमाग दुसरा प्रश्न: स्ट्रेन कुणाचा? स्वतःचा असेल तर तो सूक्ष्मजीवांच्या एखाद्या मान्यताप्राप्त संग्रहात जमा केल्याची पावती असते. आपल्या पुण्यातच एनसीएमआर आहे आणि चंदीगडला एमटीसीसी. बुडापेस्ट करारानुसार पेटंटसाठीचे सूक्ष्मजीव या दोन्हींकडे जमा करता येतात. विकत घेतलेला असेल तर पुरवठ्याचा करार दाखवायला सांगा: मुदत किती, आणि तोच स्ट्रेन शेजारच्या कंपनीलाही मिळतो का? "आमचा स्ट्रेन पेटंटेड आहे" हेही नीट ऐका. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३(सी)नुसार निसर्गात सापडलेल्या जंतूवर जसाच्या तसा पेटंट मिळत नाही. मिश्रणावर किंवा प्रक्रियेवर मिळू शकतो. शिवाय जंतू इथल्या ताकातून किंवा लोणच्यातून वेगळा केलेला असेल, तर भारतीय कंपनीला पेटंट मिळण्याआधी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. ती केली आहे का, या प्रश्नावर बरेच संस्थापक पाण्याचा ग्लास मागतात.

नाव एकाचं आणि फॉर्म्युला दुसऱ्याचा असला की काय होतं, हे पाहायचं तर व्हीएसएल#३चं प्रकरण पाहा. जगभर विकलं जाणारं हे प्रोबायोटिक. मूळ मिश्रण इटालियन प्राध्यापक क्लाउडिओ दे सिमोने यांचं. २०१६मध्ये करार संपला, फॉर्म्युला त्यांच्याबरोबर गेला आणि ब्रँडचं नाव विकणाऱ्या कंपनीकडे राहिलं. त्याच नावाने नवं मिश्रण बाजारात आलं. ते जुन्यासारखंच आहे ही जाहिरात खोटी ठरवणारा निकाल अमेरिकेत मेरीलँडच्या ज्युरीने २०१८मध्ये दिला. एवढ्या मोठ्या ब्रँडचं हे झालं, तर तुमच्या कंपनीचा पुरवठ्याचा करार वाचायला मागण्यात कसला संकोच?

डब्यावरचा आकडाही बघा. '१० अब्ज सीएफयू' (म्हणजे एवढे जिवंत जंतू) मोठ्या अक्षरात, आणि खाली भिंगाने वाचावं अशा अक्षरात 'उत्पादनाच्या वेळी'. आपल्याला हवी ती मुदत संपतानाची संख्या. एफएसएसएआयच्या २०१६च्या नियमांत रोजच्या मात्रेत किमान १० कोटी जिवंत जंतू सांगितले आहेत. लॅक्टोबॅसिलस उष्णतेत आणि दमटपणात मरतात, म्हणून कंपन्या सुरुवातीलाच जास्त पावडर भरतात. ती पावडरच सगळ्यात महाग, त्यामुळे खरा नफा इथेच ठरतो. बॅसिलस कोएग्युलन्ससारखे बीजाणू (टणक कवचातलं सुप्त रूप) करणारे जंतू उन्हाळा काढतात, म्हणून छोट्या कंपन्यांचा ओढा तिकडे असतो, आणि म्हणूनच तिथे गर्दीही जास्त. फ्रिजशिवाय विकल्या जाणाऱ्या लॅक्टोबॅसिलसच्या सॅशेचा मुदतभराचा चाचणी अहवाल नसेल, तर आम्ही तसं लिहून देतो. संस्थापक नाराज होतात. होऊ द्यात.

हिशेबात एकच गोष्ट आवर्जून मागा: एक्सपायरी परत किती आली. स्टॉकिस्टकडे ढकललेला माल विक्रीत दिसतो, आणि मुदत संपल्यावर तोच परत येतो.

आता शेअरचे कागद. खासगी कंपनी थेट शेअर देते तेव्हा कंपनी कायद्याच्या कलम ४२प्रमाणे तुमच्या नावाचं ऑफर लेटर, म्हणजे पीएएस-४, यायला हवं. एका आर्थिक वर्षात २०० पेक्षा जास्त लोकांना अशी ऑफर देता येत नाही आणि तिची जाहिरातही करता येत नाही. तेव्हा सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरणारी ऑफर मुळातच संशयास्पद. पैसे रोख द्यायचे नाहीत. ज्याच्या नावावर शेअर त्याच्याच खात्यातून द्यायचे. मुलाच्या नावावर शेअर आणि वडिलांचा चेक, हे चालत नाही. पैसे आल्यापासून ६० दिवसांत शेअर वाटप व्हायला हवं. नाही झालं तर पुढच्या १५ दिवसांत परतावा, तेही चुकलं तर १२ टक्के व्याज. वाटपानंतर कंपनीने भरायचा पीएएस-३ फॉर्म एमसीएच्या (कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) पोर्टलवर १०० रुपयांत बघायला मिळतो. तो आम्ही बघतोच, पण "सर, टोकन भरलंय, आता जरा बघून द्या" असं म्हणत येऊ नका. पैसे गेल्यावर तपासणीचा उपयोग फार थोडा उरतो, फी मात्र तेवढीच लागते.

शेअर परत विकताना गिऱ्हाईक तुम्हालाच शोधायचं आहे, आणि कंपनीच्या नियमावलीत हस्तांतरणावर बंधनं असतात. ते पान आम्ही खूण करून देतो. २४ महिन्यांनंतर विकले तर दीर्घ मुदतीच्या नफ्यावर १२.५ टक्के कर, त्याआधी तुमच्या स्लॅबने.

आम्ही 'घ्या' किंवा 'नका घेऊ' सांगत नाही, यावर काही ग्राहक चिडतात. पैसे घेऊन असा सल्ला द्यायचा तर सेबीची नोंदणी लागते, ती आमच्याकडे नाही. कंपनी जे बोलते ते कागदावर आहे का, एवढंच आम्ही पाहतो. त्यासाठी एक सूक्ष्मजीवशास्त्राची आणि एक हिशेबाची अशी दोन माणसं प्रत्येक फाईल वाचतात. कंपनीकडून आम्ही कमिशन घेत नाही, म्हणून फी तुमच्याकडून आणि आधी.

फाईल देताना स्ट्रेनचं पूर्ण नाव, चाचणी अहवाल, पुरवठ्याचा करार, पीएएस-४ आणि दोन वर्षांचे ताळेबंद आणा. झेरॉक्स पुरे, मूळ कागद घरीच ठेवा. सॅम्पलचे डबे आणू नयेत, आमचा फ्रिज लहान आहे.