उन्हातलं काम: वय आणि चरबीचा मुद्दा आला कुठून

उन्हात कामाला माणूस लावताना त्याचं वय आणि अंगातली चरबी बघावी, असं म्हणतात. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात खडी फोडायला, माती खोदायला अख्खं घर जायचं. सासू, सून, हाताशी आलेली पोरं, सगळे. मातीकामाची मजुरी मापावर. खड्ड्याच्या मधोमध मातीचा खुंट सोडायचा, त्यावरून खोली मोजायची, तेवढे पैसे. पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा आला, १९७९ पासून अंमल सुरू झाला, तरी हिशेब घनमीटरचाच राहिला. खोदणारा पंचविशीचा की साठीचा, हे खुंटाला काय कळणार?

उष्माघाताचा अभ्यास तोवर परदेशात बराच पुढे गेला होता, पण तो खाणमजूर आणि सैनिकांवर. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या छावण्यांत उष्माघाताने गेलेल्या १५७ जवानांचा अभ्यास १९४७ साली छापून आला. त्यात जाड्या जवानांना धोका जास्त दिसला. चरबी कमी उष्णतेतही लवकर तापते, आणि वरचं वजन वाहायला जास्त कष्ट पडतात ते वेगळेच. नंतर उष्णतेतल्या कामाच्या ज्या मर्यादा ठरल्या, त्यांत साधारण ७० किलोचा निरोगी माणूस गृहीत धरला गेला.

खरा वाद वयाचा. वयाबरोबर घाम उशिरा सुटतो, तहान कमी लागते, कातडीकडे रक्त कमी जातं. मग पन्नाशीनंतर उन्हातलं काम बंद करायचं का? दमसास सारखा असलेले तरुण आणि वयस्क शेजारी उभे केले, तर फरक बराच कमी होतो, असं काही प्रयोगांत दिसलं. उलट जोराच्या कामात चाळिशीपासूनच शरीर उष्णता कमी टाकतं, असंही पुढे आढळलं. मला वयाची सरसकट अट पटत नाही. तरणी पोरं पुण्याला गेली की गावच्या कामावर उरतात ती पन्नाशी ओलांडलेलीच. त्यांनाच घरी बसवलं तर चूल कशावर पेटायची? रक्तदाब, साखर आणि चालू गोळ्या विचारणं जास्त कामाचं. लघवीच्या गोळ्या घेणाऱ्याचं पाणी आधीच कमी झालेलं असतं.

चरबीचं तर वजनकाट्यावर कळतच नाही. २००४ मध्ये पुण्याच्या एका संशोधकाने स्वतःची तुलना ब्रिटिश सहकाऱ्याशी केली. उंचीच्या मानाने वजन दोघांचं सारखंच, निर्देशांक २२.३; चरबी मात्र एकाची २१.२ टक्के, दुसऱ्याची ९.१. जास्त चरबी आपल्या माणसाची होती. म्हणून काटकुळा दिसतो त्याला ऊन बाधणार नाही, हे गावातलं गणित धोक्याचं.

नांदेडला लागून असलेल्या तेलंगणात केंद्राच्या रोजगार हमीवर उन्हाळ्यात २० ते ३० टक्के भत्ता दिला जायचा, म्हणजे कमी खोदून तेवढीच मजुरी. तोही महिन्यावर ठरलेला. वयाचा विचार त्यातही नव्हता.