जेम्स टेलरचा ‘ग्रेटेस्ट हिट्स’: रेकॉर्ड परत आणण्याआधी हे वाचा

‘रेकॉर्ड खराब आहे, गाणं वेगळंच वाजतंय.’ अमेरिकन गायक-गीतकार जेम्स टेलरचा निवडक गाण्यांचा संग्रह ‘ग्रेटेस्ट हिट्स’ नेलेल्या ग्राहकांकडून आम्हाला सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार हीच. कान बरोबर सांगत असतात, गाणं वेगळंच असतं. पण रेकॉर्डमध्ये दोष नसतो. या संग्रहातल्या बारापैकी तीन गाण्यांची ध्वनिमुद्रणं त्यांच्या मूळ अल्बममधली नाहीत, आणि त्यातली दोन नेमकी पहिल्या बाजूच्या सुरुवातीलाच येतात. सुई ठेवली की पहिल्या मिनिटातच शंका येते, रेकॉर्ड पिशवीत जाते, आणि तुमची एक फेरी वाया जाते.

टेलरचा पहिला अल्बम 1968 साली लंडनमध्ये बीटल्सच्या ‘ॲपल’ कंपनीसाठी तयार झाला. ‘समथिंग इन द वे शी मूव्ह्ज’ आणि ‘कॅरोलिना इन माय माइंड’ ही गाणी त्यातली. पुढे टेलर अमेरिकेत वॉर्नर ब्रदर्स या रेकॉर्ड कंपनीकडे गेला आणि 1970 ते 1976 या काळात त्याचं बहुतेक नाव तिथेच झालं. 1976 च्या अखेरीस वॉर्नरने हा संग्रह काढायचं ठरवलं, पण जुन्या दोन गाण्यांच्या मूळ टेप ॲपलच्या होत्या. टेपवर जिची मालकी त्या कंपनीच्या परवानगीशिवाय ते ध्वनिमुद्रण दुसऱ्याला छापता येत नाही. तेच गाणं नव्याने गाऊन रेकॉर्ड करणं मात्र शक्य असतं. टेलरने तेच केलं.

म्हणून 1968 च्या ‘कॅरोलिना’त जे आहे ते इथे शोधू नका. तिथे लय जलद आहे, बीटल्सपैकी पॉल मॅकार्टनीचा बास आहे, मागे जॉर्ज हॅरिसनचा आवाज आहे. इथे लय संथ, स्टील गिटारची लांब मींड, आणि विसाऐवजी अठ्ठावीस वर्षांच्या माणसाचा गळा. आमच्या मते ही 1976 ची आवृत्तीच जास्त मुरलेली आहे, आणि घराच्या ओढीचं हे गाणं या लयीतच खरं उमलतं. तुम्हाला जुनीच हवी असेल तर 1968 चा अल्बम मागा, मिळवून देऊ. बीटल्सप्रेमींनी तो ऐकावाच, कारण हॅरिसनच्या ‘समथिंग’ची पहिली ओळ त्यातल्या ‘समथिंग इन द वे शी मूव्ह्ज’च्या नावावरूनच सुचलेली आहे.

तिसरं वेगळं गाणं म्हणजे दुसऱ्या बाजूच्या शेवटी असलेलं ‘स्टीमरोलर’. ते 1975 च्या एका जाहीर कार्यक्रमात ध्वनिमुद्रित केलेलं आहे. श्रोत्यांचा गलका, टाळ्या, मूळ गाण्यापेक्षा बराच जास्त वेळ, हे सगळं तसंच असायला हवं. शिवाय ते रेकॉर्डच्या आतल्या टोकाला येतं. तिथे खाचेतल्या आवाजाच्या लाटा दाटीने बसतात आणि घासलेली सुई ‘स’ आणि ‘श’ फाटके काढते. बाकी बाजू स्वच्छ वाजून फक्त इथेच आवाज फाटत असेल तर आधी सुई बदलून पाहा.

आता मुख्य गोष्ट. रेकॉर्ड तपासायची तर पहिल्या गाण्यावर तपासू नका. पहिल्या बाजूचं तिसरं गाणं, ‘फायर अँड रेन’, लावा. ते 1970 च्या ‘स्वीट बेबी जेम्स’ अल्बममधलं मूळ ध्वनिमुद्रणच आहे. फोनवर तेच गाणं शेजारी वाजवा. दोन्हींची पट्टी आणि लय जुळली की रेकॉर्डही ठीक, प्लेयरही ठीक.

ते गाणंसुद्धा जड आणि संथ वाजत असेल तर प्लेयरकडे बघा. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेल्या जुन्या टर्नटेबलांवर हे हमखास होतं. तिथली वीज 60 हर्ट्‌झची, आपली 50 ची. सिंक्रोनस मोटर विजेच्या हर्ट्‌झवर चालते, त्यामुळे 33⅓ ऐवजी मिनिटाला सुमारे 27.8 फेरे पडतात आणि गाणं तीन स्वरांनी, म्हणजे हार्मोनियमच्या काळ्या-पांढऱ्या मिळून तीन पट्ट्यांनी, खाली उतरतं. 110 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावून हे सुटत नाही. तो व्होल्टेज बदलतो, हर्ट्‌झ नाही. मोटरची पुली बदलावी लागते. वेग तपासायला स्ट्रोब चकती, म्हणजे रेघांची वर्तुळं छापलेली चकती, आमच्याकडे आहे. आपल्या विजेवरच्या दिव्याखाली 33⅓ साठी 180 रेघांचं वर्तुळ स्थिर दिसायला हवं. 216 रेघांचं वर्तुळ अमेरिकेसाठी, त्याच्याकडे पाहू नका.

दुसरी गफलत नावाची. ‘कंट्री रोड’ हवंय म्हणून हा संग्रह नेणारे बरेच जण असतात. यात ‘कंट्री रोड’ आहे, पण ते टेलरचं स्वतःचं गाणं. पिकनिकच्या बसमध्ये सगळे मिळून म्हणतात ते ‘टेक मी होम, कंट्री रोड्स’ जॉन डेन्व्हरचं, 1971 चं. त्यासाठी डेन्व्हरचा 1973 चा संग्रह घ्या. तसंच टेलरने गायलेलं ‘हँडी मॅन’ हे गाणं या रेकॉर्डवर नाही. ते 1977 चं, टेलर कोलंबिया कंपनीकडे गेल्यानंतरचं. मागच्या बाजूला बाराही गाण्यांची यादी छापलेली असते. पैसे देण्याआधी तिच्यावरून एकदा बोट फिरवा, एवढीच विनंती.

एवढे खुलासे करावे लागूनही आम्ही ही रेकॉर्ड दर खेपेला मागवतो, याचं कारण ती विकत घेणारा माणूस ती पुन्हा विकायला क्वचितच आणतो. अमेरिकेत हा संग्रह पहिल्या दहात कधी आला नाही, तरी वर्षानुवर्षं खपत राहून तिथे डायमंड, म्हणजे एक कोटीच्या पुढच्या, दर्जाला पोचला. वाद्यं बहुतेक ठिकाणी मोजकी: गिटार, पियानो, बास, ड्रम. गिटार नुसती झोडपलेली नाही. अंगठा खालचे स्वर चालवतो आणि बोटं वर चाल विणतात, त्यामुळे एकट्या गिटारवरही गाणं भरलेलं वाटतं. गिटार शिकणाऱ्यांनी ‘फायर अँड रेन’साठी कॅपो तिसऱ्या फ्रेटवर लावून ए कॉर्डच्या आकारात वाजवावं. त्या गाण्यातली मोडून पडलेली ‘उडती यंत्रं’ म्हणजे विमान अपघात नव्हे. ‘फ्लाइंग मशीन’ हे टेलरच्या विस्कटलेल्या बँडचं नाव. मैत्रिणीचा मृत्यू, व्यसनावरचे उपचार आणि तो बँड, तीन कडव्यांत एवढं दुःख आहे, आणि तो ते आवाज न चढवता सांगतो. ‘यू’व्ह गॉट अ फ्रेंड’ हे कॅरोल किंगचं गाणं 1971 मध्ये त्याच्याच आवाजात पहिल्या क्रमांकावर गेलं. मागे जोनी मिशेल गाते, ती नीट ऐका.

असं हळुवार संगीत रेकॉर्डचे दोष लपवत नाही. दणदणीत रॉकमध्ये बुडून जाणारी चरचर इथे दोन ओळींमधल्या शांततेत स्पष्ट ऐकू येते. म्हणून या संग्रहाची प्रत आम्ही वाजवून पाहिल्याशिवाय कपाटात ठेवत नाही, डिस्टिल्ड पाण्याने धुऊन नवं आतलं पाकीट घालतो, आणि म्हणूनच आमचा भाव फुटपाथपेक्षा जास्त असतो. तुमच्याकडून एवढंच हवं: सुईचा भार साधारण 1.5 ते 2 ग्रॅम, किंवा कार्ट्रिजच्या, म्हणजे सुई जिच्यात बसते त्या भागाच्या, कागदावर असेल तेवढा. सिरॅमिक कार्ट्रिजच्या जुन्या पेटीप्लेयरवर ही रेकॉर्ड लावू नका. तिथे भार याच्या दुपटीहून जास्त असतो आणि झिजलेली खाच कशानेही भरून येत नाही.

परतीबद्दल: ‘फायर अँड रेन’ची चाचणी करूनही शंका राहिली तर सात दिवसांत बिलासकट या. दुकानातल्या टर्नटेबलवर तुमच्यासमोर लावू. तिथेही दोष दिसला तर प्रत बदलून देऊ. येताना सुई काढून डबीत घालून आणा. दहापैकी नऊ वेळा असं म्हणणार नाही, पण बऱ्याचदा बदलायची गोष्ट तीच निघते, आणि नेहमीच्या कार्ट्रिजच्या सुया आमच्याकडे असतात.