उत्पन्नावर ठरणारी फी: अमेरिकेतल्या लॅटिनो वस्त्यांमधले सामुदायिक दवाखाने, पात्रता आणि कागदपत्रे

अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक प्रश्न अधूनमधून येतो. "आमच्याकडे बाळाला सांभाळायला येते तिच्या नवऱ्याची शुगर खूप वाढलीय. विमा नाही. इंग्रजी जेमतेम. कुठे पाठवू?" उत्तरं येतात ती बहुतेक वेळा 'इमर्जन्सीत जा' अशी. इमर्जन्सीत शुगर उतरवून देतील, पुढच्या महिन्याच्या गोळ्या देणार नाहीत, आणि बिल मात्र घरी येईल. खरा रस्ता सामुदायिक आरोग्य केंद्राचा आहे. तिथे फी उत्पन्न बघून ठरते. त्याला स्लायडिंग फी म्हणतात.

ही केंद्रं बहुतेक सरकारी नाहीत. १९६५ साली बॉस्टनच्या कोलंबिया पॉइंट वस्तीत आणि मिसिसिपीतल्या माउंड बायू गावात पहिली दोन केंद्रं मंजूर झाली. त्याआधी, १९६२ मध्ये, हंगामी शेतमजुरांच्या आरोग्यासाठी वेगळा कायदा झाला होता. त्या मजुरांमध्ये मेक्सिकन मोठ्या संख्येने होते. पुढे ओकलंडच्या फ्रूटव्हेल भागात १९७१ मध्ये 'ला क्लिनिका दे ला रासा' उभी राहिली, तशी अनेक लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) वस्त्यांनी आपापली केंद्रं उभारली. केंद्र सरकारचं अनुदान घ्यायचं तर संचालक मंडळात निम्म्याहून जास्त सभासद त्याच केंद्राचे रुग्ण असावे लागतात. आज देशभर अशा सुमारे १,४०० संस्था आहेत आणि त्यांच्या दर दहा रुग्णांमागे जवळजवळ चार लॅटिनो आहेत.

आधी खिडकी, मग दवाखाना

मेक्सिकन माणसाला थेट दवाखान्याची पायरी चढायची भीती वाटत असेल, तर त्याच्यासाठी त्याआधीचा एक टप्पा आहे. मेक्सिकोच्या वकिलातींमध्ये 'व्हेंतानिया दे सालुद', म्हणजे आरोग्याची खिडकी, असते. पासपोर्टच्या रांगेत माणूस तासन् तास बसतोच, तेवढ्यात त्याचा रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी, ही साधी कल्पना. जागा वकिलातीची, खिडकी चालवणारी संस्था स्थानिक, आणि तपासणीला येणारे लोक आसपासच्या दवाखान्यांचे किंवा विद्यापीठांचे. तपासणी मोफत असते. वास्तव्याचा दर्जा (इमिग्रेशन स्टेटस) विचारत नाहीत. उपचार मात्र तिथे होत नाहीत. साखर जास्त निघाली की तिथली बाई कोणत्या दवाखान्यात जायचं ते लिहून देते. ती चिठ्ठी जपून ठेवायची.

ही बाई म्हणजे बहुधा 'प्रोमोतोरा'. आपल्याकडच्या आशाताईंसारखीच, वस्तीतलीच, वस्तीच्या भाषेत बोलणारी. जामखेडमध्ये डॉ. आरोळे दाम्पत्याने १९७० पासून गावातल्याच बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं, ते ज्यांनी वाचलंय त्यांना प्रोमोतोरा काय करते हे वेगळं सांगायला नको. अर्जाच्या बाबतीत तिचा उपयोग फार मोठा. कोणता कागद चालतो आणि कोणत्या कागदावर काउंटरवाला कुरकुर करतो, हे तिला पाठ असतं.

पात्र कोण

सवलत फक्त दोन गोष्टींवर ठरते: घरात माणसं किती आणि उत्पन्न किती. घर, गाडी, बँकेतली शिल्लक बघायची नाही. ज्याच्याकडे विमा आहे पण डिडक्टिबल (विमा लागू होण्याआधी खिशातून भरायची रक्कम) झेपत नाही, तोही अर्ज करू शकतो.

उत्पन्नाची तुलना केंद्र सरकारच्या दारिद्र्यरेषेशी होते. २०२५ च्या तक्त्यात एका माणसासाठी ती वर्षाला १५,६५० डॉलर होती, आणि पुढच्या प्रत्येक माणसामागे ५,५०० डॉलर वाढत होते. म्हणजे चौघांच्या घराला ३२,१५०. अलास्का आणि हवाईचे आकडे वेगळे आणि जास्त. नवा तक्ता दर वर्षाच्या सुरुवातीला येतो, तेव्हा अर्ज करताना चालू वर्षाचाच मागून घ्या.

रेषेच्या आत असलेल्याला पूर्ण सवलत, फार तर नाममात्र रक्कम. रेषेपासून तिच्या दुपटीपर्यंत टप्प्याटप्प्याने कमी होत जाणारी सवलत. दुपटीच्या वर ही सवलत नाही. उदाहरणार्थ, नवरा-बायको आणि दोन मुलं, महिन्याला ३,६०० डॉलर. वर्षाचे ४३,२०० झाले, म्हणजे २०२५ च्या रेषेच्या साधारण १३४ टक्के. हे घर मधल्या टप्प्यात बसतं.

इथे एक चूक हमखास होते. पगार दर दोन आठवड्यांनी मिळत असेल तर त्याला २४ ने नव्हे, २६ ने गुणायचं. आठवड्याच्या पगाराला ५२ ने. हंगामी काम असेल तर फक्त हंगामातली चिठ्ठी देऊ नका, नाहीतर तेवढ्यावरून वर्षाचा अंदाज बांधला जातो आणि टोमॅटोच्या मोसमात दोन महिने राबलेला माणूस कागदावर सुखवस्तू दिसतो.

कागदपत्रं

केंद्रागणिक यादी थोडी बदलते, म्हणून आधी फोन करून विचारा. सर्वसाधारणपणे फोटो असलेलं ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा (विजेचं बिल, भाडेकरार) आणि उत्पन्नाचा पुरावा लागतो. ओळखपत्र अमेरिकन असायलाच हवं असं नाही. स्वतःच्या देशाचा पासपोर्ट किंवा वकिलातीने दिलेलं 'मात्रिकुला कोन्सुलार' कार्ड बऱ्याच ठिकाणी चालतं. उत्पन्नासाठी अलीकडच्या पगाराच्या चिठ्ठ्या किंवा गेल्या वर्षीचं टॅक्स रिटर्न. विमा असेल तर त्याचं कार्ड.

पगार रोखीत मिळत असेल तर? अडतं ते इथेच. रोखीवाल्यांनी मालकाकडून चार ओळींचं पत्र आणावं: काम काय, आठवड्याला किती देतो, सही, तारीख. तुम्हीच तो मालक असाल तर हे पत्र लिहून द्यायला पाच मिनिटं लागतात, द्या. मालक तयार नसेल तर केंद्राकडे स्वतःच्या उत्पन्नाच्या निवेदनाचा फॉर्म आहे का ते विचारा. बहुतेक ठिकाणी असतो, पण मागितल्याशिवाय पुढे सरकवत नाहीत.

सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकन सरकारने दिलेला ओळख क्रमांक) नसेल तर तो रकाना मोकळा ठेवायचा. दुसऱ्याचा किंवा मनाने बनवलेला नंबर कधीच लिहायचा नाही.

आता नावाचा घोळ. मेक्सिकन माणसाला दोन आडनावं असतात, आधी वडिलांचं, मग आईचं. अमेरिकन फॉर्मवर आडनावाचा रकाना एकच. मग एका कागदावर 'गार्सिया', दुसऱ्यावर 'लोपेस', तिसऱ्यावर दोन्ही मध्ये आडवी रेघ मारून. तीन फायली तयार होतात आणि एकही रिपोर्ट दुसऱ्याला सापडत नाही. मधल्या नावात वडिलांचं नाव लावणाऱ्या आपल्याला हे दुखणं ओळखीचं आहे. उपाय एकच: ओळखपत्रावर आहे अगदी तसंच सगळीकडे लिहायचं. तारखेचंही तसंच. आपण आणि ते, दोघेही दिवस आधी लिहितो. इथे महिना आधी. ०५/०८ म्हणजे ऑगस्टची पाच की मेची आठ, हे काउंटरवरच नक्की करून घ्या.

अर्ज

केंद्रीय आरोग्य खात्याच्या 'फाइंड अ हेल्थ सेंटर' या संकेतस्थळावर झिप कोड टाकला की जवळची केंद्रं दिसतात. फोनवर नवा रुग्ण म्हणून वेळ घ्या आणि त्याच फोनवर स्लायडिंग फीचा अर्ज करायचा आहे असं सांगा. भेटीच्या दिवशी अर्धा तास आधी जा. काही कागद कमी पडला तरी पैसे नाहीत म्हणून तपासणी नाकारता येत नाही. राहिलेला कागद कधीपर्यंत आणायचा ते लिहून घ्या. साधारणपणे वर्षाने अर्ज नव्याने करावा लागतो. मध्येच नोकरी गेली किंवा बाळ झालं तर वर्ष संपायची वाट न बघता टप्पा बदलून मागा.

दुभाष्याचे पैसे लागत नाहीत. स्पॅनिश बोलणारे कर्मचारी असतातच, आणि मराठीसाठी फोनवरचा दुभाषा मागता येतो. दहा वर्षांच्या मुलीला आईच्या तपासणीत भाषांतर करायला बसवू नका. तातडीचा प्रसंग सोडला तर दवाखान्यानेही तसं करायचं नसतं.

सवलत केंद्राच्या स्वतःच्या सेवांना लागू आहे. बाहेरच्या हॉस्पिटलात स्कॅनसाठी पाठवलं तर तिथलं बिल वेगळं, आणि त्या हॉस्पिटलच्या मदत योजनेचा अर्जही वेगळा. औषधं मात्र केंद्राच्या दुकानातूनच घ्या. ३४०-बी या योजनेमुळे अशा केंद्रांना ती कमी दरात मिळतात, आणि इन्सुलिनसारख्या औषधात फरक मोठा पडतो.

वास्तव्याच्या दर्जाचा प्रश्न

अनेक वर्षं या केंद्रांत वास्तव्याचा दर्जा हा मुद्दाच नव्हता. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य खात्याने नोटीस काढून या केंद्रांचा कार्यक्रम १९९६ च्या कायद्यातल्या 'सरकारी लाभां'मध्ये, म्हणजे नागरिक आणि 'पात्र परदेशी' यांनाच मिळणाऱ्या लाभांमध्ये, धरला. वीस राज्यं आणि राजधानी वॉशिंग्टन कोर्टात गेली, आणि सप्टेंबरमध्ये त्यांच्यापुरती नोटिशीला स्थगिती मिळाली. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, न्यू जर्सी त्यांत आहेत. टेक्सास आणि फ्लोरिडा नाहीत. आपल्यालाही हे लागतं, कारण एच-वन किंवा विद्यार्थी व्हिसावरचा माणूससुद्धा त्या कायद्याच्या व्याख्येत 'पात्र परदेशी' ठरत नाही.

म्हणून वेळ घेतानाच, नाव सांगायच्या आधी विचारा: "दर्जाचा कागद मागता का?" स्पॅनिशमध्ये, "पिदेन पापेलेस मिग्रातोरियोस?" उत्तर नकारार्थी आलं तर पुढचं सगळं वर सांगितल्याप्रमाणे. होकारार्थी आलं तर फोन ठेवून प्रोमोतोराला गाठा. अनुदान न घेणारे धर्मादाय दवाखाने कुठे आहेत, ते तिला ठाऊक असतं.