तीस सेंटिमीटरांत मोजलेला वेग

ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ साली कैरो येथे १० मीटर एअर रायफल प्रकारात जगज्जेतेपद मिळवले आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक जिंकले. तेव्हापासून मुलांसाठी रायफल घ्यायची म्हणून माझ्याकडे चौकशी करणारे पालक वाढले आहेत. त्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : सर्वांत जास्त वेग कोणत्या रायफलीचा? वेग जास्त असला की नेम आपोआप अचूक होतो, हा त्यामागचा समज चुकीचा आहे.

स्पर्धेच्या एअर रायफलीतून सुमारे ०.५३ ग्रॅम वजनाचा शिशाचा छर्रा सेकंदाला साधारण १७५ मीटर वेगाने सुटतो. हवेचा विरोध तूर्त बाजूला ठेवला, तर १० मीटर अंतर कापेपर्यंत तो गुरुत्वाकर्षणामुळे १६ मिलिमीटर खाली येतो. हे १६ मिलिमीटर दर वेळी तेवढेच असतील, तर नळीवरची नेम धरण्याची माशी एकदा जुळवून घेतली की काम भागते. मात्र पुढचा छर्रा १७२ मीटर वेगाने सुटला, तर तो आणखी अर्ध्या मिलिमीटरहून थोडा अधिक खाली बसतो, आणि या प्रकारात दहा गुणांच्या ठिपक्याचा संपूर्ण व्यासच ०.५ मिलिमीटर आहे. म्हणजे वेग किती आहे यापेक्षा तो किती सातत्याने तेवढाच राहतो, हे महत्त्वाचे. आणि ते तपासण्यासाठी क्रोनोग्राफ, म्हणजे छर्ऱ्याचा वेग मोजणारे यंत्र, लागतो.

गोळीचा वेग मोजण्याची पहिली विश्वासार्ह रीत बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ साली मांडली. टांगलेल्या जड लंबकात गोळी रुतवायची, लंबक किती झुलला ते पाहायचे आणि संवेग अक्षय्यतेच्या नियमाने वेग काढायचा. आज क्लबमध्ये दिसणारा साधा प्रकाशीय क्रोनोग्राफ याहून सरळ विचारावर चालतो. त्यात दोन फटी असतात आणि प्रत्येक फटीखाली वर आकाशाकडे पाहणारा एक प्रकाशसंवेदक असतो. छर्रा पहिल्या फटीवरून गेला की त्याची सावली क्षणभर पडते आणि घड्याळ सुरू होते; दुसऱ्या फटीवर सावली पडली की ते थांबते. अंतराला वेळेने भागले की वेग मिळतो.

आता आकडे पाहू. फटींमधले अंतर ३० सेंटिमीटर धरले, तर १७५ मीटर वेगाचा छर्रा ते सुमारे १.७ मिलिसेकंदांत पार करतो. घड्याळ एका मायक्रोसेकंदाने चुकले, तरी उत्तरात फक्त ०.१ मीटरचा फरक पडतो. उलट दुमडणाऱ्या सांगाड्यामुळे फटींमधले अंतर एका मिलिमीटरने बदलले, तर उत्तर ०.६ मीटरने चुकते. त्यामुळे यंत्र निवडताना जाहिरातीतल्या घड्याळाच्या सूक्ष्मतेपेक्षा त्याचा सांगाडा घट्ट आणि न वाकणारा आहे का, हे आधी पाहावे.

मांडणीतली पुढची चूक कोनाची. छर्रा फटींना काटकोनात न जाता तिरका गेला, तर त्याला जास्त अंतर कापावे लागते, पण यंत्र ३० सेंटिमीटरच धरून भागाकार करते. म्हणून दाखवलेला वेग खऱ्या वेगाला तिरकेपणाच्या कोनाच्या कोसाइनने गुणल्याइतका येतो. पाच अंशांच्या तिरकेपणाने सुमारे ०.७ मीटर कमी दिसतात, दहा अंशांनी मात्र २.७ मीटर. चूक कोनाच्या जवळजवळ वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून किंचित तिरकेपणा खपून जातो आणि ढिसाळपणा महाग पडतो. तिपाईवर यंत्र बसवल्यावर रायफल न भरता टेकूवर ठेवून, मागे उभे राहून, नळीची रेषा दोन्ही फटींच्या बरोबर मध्यावरून जाते का ते डोळ्यांनी पाहावे. छर्रा दर वेळी फटींवरून साधारण त्याच उंचीवरून जाऊ द्यावा, कारण दोन्ही संवेदकांच्या नजरा एकमेकींना अगदी समांतर नसतील, तर उंची बदलली की त्यांच्यातले अंतरही बदलते.

प्रकाशाचा धडा मला प्रत्यक्ष चुकूनच मिळाला. बंदिस्त रेंजवर ट्यूबलाइटखाली मी यंत्र मांडले आणि एकाच डबीतल्या छर्ऱ्यांचे आकडे आले १६८, १९१, मग नुसती चूक दाखवणारी खूण, मग १५९. रायफलीचा झडपेचा भाग उघडण्याच्या तयारीत मी होतो. त्याआधी यंत्र उचलून व्हरांड्यात, ढगाळ आकाशाखाली नेले, तेव्हा त्याच रायफलीने १७३, १७४, १७३, १७३ असे आकडे दिले. आपल्या घरचा विद्युतप्रवाह ५० हर्ट्‌झचा असल्याने जुन्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. डोळ्यांना ते कळत नाही, पण सावलीतला सूक्ष्म बदल टिपणाऱ्या संवेदकाला ते लखलखीत दिसते. तापलेल्या तारेचा बल्ब इतक्या लवकर थंड होत नाही, म्हणून त्याचा उजेड बराच स्थिर असतो. बॅटरीवर चालणारी साधी एलईडी पट्टीही चालते. बाहेर मांडताना कलत्या उन्हापासून सावध राहावे, कारण चकाकत्या छर्ऱ्याच्या पोटावरून परावर्तित झालेला उजेड सावलीला झाकून टाकतो. त्यासाठीच फटींवर पांढुरक्या प्लास्टिकचे छत लावलेले असते. शिवाय नळीच्या तोंडातून छर्ऱ्याबरोबर हवेचा झोतही येतो, तेव्हा एअर रायफलीसाठी यंत्र अर्धा ते एक मीटर आणि दारूच्या काडतुसासाठी तीन ते पाच मीटर पुढे ठेवावे.

रडारवर चालणारे क्रोनोग्राफ या कटकटींतून सोडवतात. २४ गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी १.२५ सेंटिमीटर असते. १७५ मीटर वेगाच्या छर्ऱ्यावरून ती परतली की वारंवारतेत सुमारे २८,००० हर्ट्‌झचा फरक पडतो आणि यंत्र तोच मोजते. त्याला उजेडाची पर्वा नसते, मात्र किंमत कितीतरी पटींनी जास्त. नळीच्या तोंडावर बसणारे छोटे यंत्र स्वस्त असते, पण त्याचे वजन नळीची कंपने बदलते, म्हणून ते लावून नेम तपासू नये.

‘सेकंदाला १,००० फूट’ अशा जाहिरातींबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. १,००० फूट म्हणजे ३०५ मीटर. हा आकडा ०.३५ ग्रॅमच्या हलक्या छर्ऱ्याचा असेल, तर ऊर्जा सुमारे १६ ज्यूल होते; तेवढीच ऊर्जा ०.५३ ग्रॅमच्या छर्ऱ्याला मिळाली, तर वेग २४८ मीटरच येईल. छर्ऱ्याचे वजन न सांगता दिलेला वेग निरर्थक आहे. तशीच श्रद्धा काही जण विशिष्ट ‘लकी’ डबीवर ठेवतात. त्या डबीतले वीस छर्रे मोजून पाहावेत, आणि शेजारच्या डबीतलेही वीस. पाच फैरींवरून काढलेले प्रमाण विचलन, म्हणजे वेग सरासरीच्या आजूबाजूला किती विखुरतो त्याचे माप, फार फसवे असते : ९५ टक्के खात्रीने बोलायचे तर खरे विचलन त्याच्या ०.६ पटीपासून जवळजवळ २.९ पटीपर्यंत कुठेही असू शकते. वीस फैरींनंतर ही कक्षा ०.७६ ते १.४६ पट इतकी आवळते. प्रत्येक आकड्याशेजारी छर्ऱ्याचे वजन, रायफलीच्या हवेच्या टाकीतला दाब, तापमान आणि नळीच्या तोंडापासून यंत्राचे अंतर लिहावे, म्हणजे पुढच्या महिन्यात वेग दोन मीटरने घटलेला दिसला, तर रायफल उघडायची की तिपाई सरळ करायची, हे वहीवरून ठरवता येते.