चार्जबॅक की तक्रार? जिंकलेले पैसे अडकले की होणारी गल्लत

जुगाराच्या साइटने जिंकलेले पैसे अडवले, की बहुतेकांच्या तोंडून आधी हेच निघतं: "बँकेत डिस्प्यूट टाकतो." राग समजण्यासारखा आहे, पण बँकेतला डिस्प्यूट म्हणजे चार्जबॅक, कार्डाने भरलेले पैसे बँकेमार्फत परत मागणं. साइटविरुद्धची तक्रार ही वेगळीच गोष्ट. दोन्हींत 'पैसे परत' हे शब्द येतात म्हणून गल्लत होते. पण मुळात पैसेच वेगळे आहेत.

समजा तुम्ही कार्डाने ५ हजार भरले, खेळलात आणि खात्यात ८० हजार दिसू लागले. पैसे काढायला गेलात तर साइट म्हणते, नियम मोडलात. चार्जबॅकमध्ये बँक फक्त त्या ५ हजारांच्या व्यवहाराकडे बघते: तो तुम्हीच केला का, आणि ज्यासाठी पैसे दिले ते मिळालं का? पैसे खात्यात जमा झाले आणि तुम्ही ते खेळायला वापरले, म्हणजे कार्डाच्या नियमांच्या भाषेत सेवा मिळाली. उरलेले ७५ हजार कार्डावरून कधी गेलेच नव्हते, मग बँक ते परत कुठून आणणार?

काही जण इथे आणखी पुढे जातात आणि "हा व्यवहार मी केलाच नाही" असं लिहून देतात. हे कृपा करून करू नका. साइटकडे तुमचं लॉगिन, डिव्हाइस, आयपी पत्ता आणि केवायसीची कागदपत्रं असतात. दावा तर फेटाळला जातोच, शिवाय लबाडीचा ठपका तुमच्यावर येतो. वर बहुतेक साइटच्या अटींत चार्जबॅक टाकल्यास खातं गोठवण्याची तरतूद असते. म्हणजे ५ हजारांसाठी ८० हजारांचा दावा तुम्हीच कमजोर करता.

तक्रारीत प्रश्न वेगळा असतो: करारानुसार साइट तुमचं देणं लागते का? इथे सगळी लढाई अटींच्या बारीक अक्षरांत होते. बोनस घेतल्यावर एका डावात लावायची कमाल रक्कम ओलांडली, एकाच घरातून दोन खाती उघडली, व्हीपीएन (आपलं ठिकाण लपवणारी सेवा) वापरला, दुसऱ्याच्या कार्डाने पैसे भरले. नकाराची कारणं बहुधा यांतलीच. म्हणून पहिला प्रश्न विचारा: नेमकं कोणतं कलम, आणि कोणत्या डावात मोडलं? "नियमभंग आढळला" एवढंच उत्तर आलं तर ते उत्तर नव्हे. पैसे भरले त्या दिवशीच्या अटी, डावांची यादी आणि विड्रॉलची विनंती लगेच जतन करा. साइट अटी बदलते आणि खातं बंद झालं की काहीच दिसत नाही. आणखी एक, चॅटवरच्या माणसाशी तासभर वाद घातला म्हणजे तक्रार केली असं होत नाही. तक्रार लेखी हवी आणि तिचा क्रमांक हवा.

पुढची वाट साइटचं लायसन्स कोणत्या देशाचं आहे यावर ठरते. ब्रिटनमध्ये साइटला तक्रार निकाली काढायला ८ आठवडे मिळतात. तोडगा निघाला नाही तर मान्यताप्राप्त स्वतंत्र लवादाकडे खेळाडूला फुकट जाता येतं. आयबास हा त्यातला एक. तिथला नियामक गॅम्बलिंग कमिशन स्वतः कुणाचे पैसे मिळवून देत नाही, हे अनेकांना उशिरा कळतं. नियामक लायसन्सकडे बघतो, तुमच्या डावाकडे लवाद बघतो.

लवादाच्याही पुढे कोर्ट असतं. ब्रिटनमध्ये जानेवारी २०१८ मध्ये एका ग्राहकाने बेटफ्रेड या सट्टा कंपनीच्या ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळात सुमारे १७ लाख पौंड जिंकले. गेममध्ये बिघाड होता असं सांगून कंपनीने पैसे नाकारले. २०२१ मध्ये हायकोर्टाने निकाल ग्राहकाच्या बाजूने दिला, कारण ज्या अटींवर कंपनी विसंबली होती त्या पुरेशा स्पष्टपणे त्याच्यासमोर आणलेल्याच नव्हत्या. त्यात तीन वर्षं गेली, हेही लक्षात ठेवा. आणि जिथे जुगाराचा करारच कायदा मानत नाही, तिथे ही वाट जवळपास बंद असते.

मग चार्जबॅक बिनकामाचा का? नाही. कार्डावरून पैसे गेले पण खात्यात जमाच झाले नाहीत, एकच रक्कम दोनदा कापली गेली, किंवा कार्ड दुसऱ्याच कुणी वापरलं, तर तोच योग्य मार्ग. साइटच बनावट निघाली तरीही आधी बँक गाठा, कारण तिथे लायसन्सही नसतं आणि लवादही. मुदत कार्डाच्या नियमांप्रमाणे साधारण १२० दिवसांची असते, पण तेवढं थांबू नका.

बनावट साइट ओळखायची कशी? पानाच्या तळाशी दिसणाऱ्या लायसन्सच्या शिक्क्यावर विसंबू नका. नियामकाच्या स्वतःच्या नोंदवहीत साइटचा पत्ता शोधा. आणि "आधी कर भरा, मग रक्कम सोडतो" असं म्हटलं की ओळखा. अस्सल साइट तुमच्याच पैशांसाठी नव्याने पैसे मागत नाही. "अडकलेली रक्कम काढून देतो, फी आगाऊ" म्हणत मेसेज करणारे एजंटही त्याच जातीचे. अशा साइटला क्रिप्टोने पैसे दिले असतील तर चार्जबॅकही नाही. पोलिसांच्या सायबर विभागाकडे व्यवहाराचा पुरावा घेऊन जाणं एवढंच उरतं.