आर्टिस्ट व्हिलेज: वाढण्यासाठीच बांधलेली घरं

नवी मुंबईत सीबीडी बेलापूरच्या सेक्टर ८ मध्ये, पारसिक डोंगराच्या पायथ्याशी आर्टिस्ट व्हिलेज ही वसाहत आहे. आज तिथे कौलारू बैठं घर शोधावं लागतं. एकाला स्लॅब, दुसऱ्यावर चढवलेला मजला, तिसरं तर पार पाडून नव्याने बांधलेलं. वास्तुकलेचे विद्यार्थी येतात आणि हळहळतात. खरं तर ही घरं बदलावीत म्हणूनच तशी बांधली होती.

मुंबईची गर्दी खाडीपलीकडे वळवावी, ही कल्पना वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल यांनी साठच्या दशकाच्या मध्यावर मांडली. मार्च १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको स्थापन झाली, १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल आला. रेल्वेला मात्र खाडी ओलांडून वाशीला यायला १९९२ उजाडलं. म्हणजे ऐंशीच्या दशकात कोरियांनी बेलापूरची ही वसाहत, म्हणजे आर्टिस्ट व्हिलेज, आखली, तेव्हा इथे राहायला येणं हे धाडसच होतं.

सुमारे ५५० कुटुंबांसाठीची ही आखणी साधी, पण हुशारीची. भूखंड जेमतेम ४५ ते ७५ चौरस मीटरचे. उत्पन्नात कितीही फरक असला, तरी जमिनीत फार फरक ठेवला नाही. सात घरांमध्ये आठ बाय आठ मीटरचा एक चौक. असे तीन गट मिळून एकवीस घरं आणि त्यांच्यामध्ये थोडं मोठं अंगण. मग पुन्हा तीनपट, त्रेसष्ट घरं. मुलांनी खेळावं, पापड वाळावेत, गणपती बसावा, एवढी जागा दाराबाहेर पडताच मिळावी. बांधकाम गवंड्याला जमेल असं, उतरत्या छपराचं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुठल्याही दोन घरांची भिंत सामाईक नव्हती. पैसे आले की एक खोली काढा. त्यासाठी शेजाऱ्याच्या भिंतीला हात लावावा लागणार नाही.

पैसे आले, मुलं मोठी झाली, घरं वाढली. कोरियांच्या अंदाजापेक्षा उंच आणि जाडजूड वाढली, एवढंच. चौकात आता गाड्या लागतात हे खरं, पण चौक राहिले. माझ्या मते या आखणीचं यश कौलांपेक्षा तिथे आहे.

या कौतुकात एक बाजू सहसा सुटते. नवी मुंबई उभी राहिली ती ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या ९५ गावांच्या जमिनीवर. आगरी-कोळ्यांची भातशेती आणि मिठागरं त्यात गेली. आर्टिस्ट व्हिलेज आकाराला येत होतं त्याच काळात, जानेवारी १९८४ मध्ये, जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांच्या, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर जासई-नवघर परिसरात गोळीबार झाला आणि पाच जणांचा बळी गेला. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकांना देण्याची योजना त्या लढ्यातून आली.

कुटुंबं या गावांच्या गावठाणांतही वाढतच होती. तिथेही खोलीला खोली जोडली गेली, मजले चढले. फक्त या घरांना सरकारी भाषेत ‘गरजेपोटी बांधलेली’ म्हणतात आणि नोटिसा यायच्या त्या त्यांनाच. ती नियमित करण्याचे शासन निर्णय एकदा नव्हे, अनेकदा निघाले आणि दर वेळी गावठाणाच्या हद्दीपासून किती मीटरपर्यंतची घरं धरायची, यावर घोडं अडत आलं.